कोड एडिटरमधील मजकूर-बदलांचे उपयोजन : अर्थ, क्रम आणि रचना

कागदावर लिहिलेल्या मजकुरातील एक शब्द खोडून त्या जागी दुसरा लिहावयाचा असेल, तर त्यात विचार करण्याजोगे फारसे काही नसते. खोडलेल्या शब्दापुढील मजकूर जागचा हालत नाही, आणि नवा शब्द लांब असला तर तो ओळीच्या वर बारीक अक्षरात लिहून वेळ निभावता येते. संगणकाच्या स्मृतीत मात्र ही सोय नाही. तेथे मजकूर म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या चिन्हांची रांग होय. रांगेत मध्येच पाच चिन्हे वाढली की पुढील प्रत्येक चिन्हाचा क्रमांक पाचाने वाढतो; आणि ज्याला ज्याला त्या क्रमांकांवर विसंबून काही करावयाचे आहे, त्या प्रत्येकाचा हिशेब चुकतो.

आज्ञावली लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एडिटरमध्ये हा प्रश्न तीव्र स्वरूपात उभा राहतो. एखाद्या चलाचे नाव सर्वत्र बदलणे, सबंध फाइलची मांडणी नियमानुसार सुधारणे, अनेक कर्सर ठेवून एकाच वेळी अनेक ठिकाणी लिहिणे, ह्या सर्व क्रियांत शेकडो किंवा हजारो बदल एका आज्ञेने घडवून आणावे लागतात. प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करावयाचा आहे. बदलांच्या यादीचा नेमका अर्थ काय? ते कोणत्या क्रमाने लागू करावेत? आणि मजकूर स्मृतीत कसा मांडला असता हे काम कमी श्रमात होते? ह्या प्रश्नांची अदलाबदल केल्यास, म्हणजे अर्थ निश्चित होण्यापूर्वीच वेगाच्या मागे लागल्यास, काय हानी होते तेही ओघाने स्पष्ट होईल.

१. यादीचे दोन अर्थ

एका बदलाचे वर्णन करण्यास तीन गोष्टी पुरतात : आरंभाचा स्थानांक, अखेरचा स्थानांक आणि नवा मजकूर. स्थानांक शून्यापासून मोजावयाचे, आणि व्याप्तीत आरंभाचे चिन्ह धरावयाचे परंतु अखेरच्या स्थानांकावरील चिन्ह धरावयाचे नाही, असा संकेत सोयीचा पडतो. आरंभ व अखेर समान असतील तर तो बदल म्हणजे केवळ भर. नवा मजकूर रिकामा असेल तर केवळ लोप.

उदाहरणादाखल पुढील राशी घेऊ : ‘दर + दर + कर’. पायथॉन भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, देवनागरीत लिहिलेली नावे चालतात. तेव्हा हे उदाहरण केवळ काल्पनिक नाही. ह्या राशीत मोकळ्या जागा धरून १२ चिन्हे आहेत. पहिला ‘दर’ ० ते २ ह्या व्याप्तीत आहे, दुसरा ५ ते ७ ह्या व्याप्तीत. आता ‘दर’ ऐवजी ‘व्याजदर’ हे नाव योजावयाचे आहे. ‘व्याजदर’ ह्या शब्दात व, हलन्तचिन्ह, य, काना, ज, द आणि र अशी सात चिन्हे येतात. म्हणून बदलांची यादी अशी होईल : ‘० ते २ येथे व्याजदर, ५ ते ७ येथे व्याजदर’.

ही यादी वाचण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीला आपण अनुक्रमिक अर्थ म्हणू. तीत पहिला बदल मूळ मजकुरावर होतो, दुसरा बदल पहिल्याने तयार झालेल्या मजकुरावर होतो, आणि पुढेही याचप्रमाणे. दुसऱ्या रीतीला युगपत अर्थ म्हणता येईल. तीत सर्व स्थानांक मूळ मजकुराचेच असतात. मधल्या अवस्था अस्तित्वातच नसतात. मजकूर जुन्या अवस्थेतून एकदम नव्या अवस्थेत जातो.

वरील यादी युगपत अर्थाने तयार केलेली आहे. ती चुकून अनुक्रमिक अर्थाने लागू केली तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या बदलानंतर मजकूर ‘व्याजदर + दर + कर’ असा होतो. ह्या नव्या मजकुरात ५ ते ७ ह्या व्याप्तीत दुसरा ‘दर’ राहिलेला नाही. तेथे आता ‘व्याजदर’ ह्याच शब्दातील शेवटची दोन चिन्हे आहेत. दुसरा बदल त्यांवर पडतो आणि राशी ‘व्याजव्याजदर + दर + कर’ अशी होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही राशी व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ‘व्याजव्याजदर’ हे एक वैध नाव आहे आणि एडिटर त्यावर कोणताही आक्षेप घेणार नाही. मोठ्या फाइलमध्ये असा बिघाड पडद्यावर दिसत नसलेल्या ओळींत घडला, तर तो ध्यानात येण्यास कित्येक दिवस लागू शकतात.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली जाहीर केलेल्या ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ ह्या संकेतसंहितेत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. एडिटरमध्ये लेखकाने केलेले फेरफार भाषाविषयक सेवेला कळविताना जी यादी पाठविली जाते, ती अनुक्रमिक अर्थाची असते : पहिला बदल पूर्वावस्थेवर, दुसरा त्यानंतरच्या अवस्थेवर. उलटपक्षी सेवेकडून एडिटरकडे येणारी दुरुस्त्यांची यादी युगपत अर्थाची असते, आणि तीतील व्याप्ती एकमेकींवर चढता कामा नयेत असा स्पष्ट निर्बंध आहे. एकाच संवादाच्या दोन दिशांना दोन अर्थ असल्यामुळे, एकीसाठी लिहिलेला विधी दुसरीसाठी वापरण्याचा मोह होतो. आणि यादीत एकच बदल असेपर्यंत दोन्ही अर्थांचे फळ सारखेच येत असल्याने चूक उघडकीस येत नाही.

२. क्रमाचा प्रश्न

युगपत यादी बिनचूक लागू करण्याचे तीन मार्ग संभवतात.

पहिला मार्ग विस्थापनाची बेरीज ठेवण्याचा. बदल आरंभस्थानांकाच्या चढत्या क्रमाने घ्यावयाचे आणि प्रत्येक बदलामुळे मजकूर किती वाढला किंवा घटला ते पुढील स्थानांकांत मिळवावयाचे. आपल्या उदाहरणात पहिल्या बदलाने ५ चिन्हे वाढली. म्हणून दुसरा बदल ५ ते ७ ऐवजी १० ते १२ येथे करावयाचा.

दुसरा मार्ग शेवटाकडून आरंभाकडे येण्याचा. अगोदर ५ ते ७ हा बदल केला तर ‘दर + व्याजदर + कर’ असे रूप मिळते आणि ० ते २ ही व्याप्ती जशीच्या तशी राहते. कोणत्याही बदलामुळे त्याच्या अलीकडील स्थानांक हालत नाहीत, ह्या साध्या तत्त्वावर हा मार्ग आधारलेला आहे. त्यात बेरजेची खटपट नसल्यामुळे तो लोकप्रिय आहे. तथापि ह्या मार्गाविषयी विद्यार्थ्यांत एक गैरसमज आढळतो. उलट क्रमाने शुद्धता साधते. वेग साधतोच असे नाही. मजकूर ही एकच अखंड स्ट्रिंग असेल आणि प्रत्येक बदलाला तिची नवी प्रत करावी लागत असेल, तर १० लाख चिन्हांच्या फाइलमध्ये १,००० बदल करताना, क्रम कोणताही ठेवला तरी, सुमारे १०० कोटी चिन्हांची नक्कल करावी लागेल.

तिसरा मार्ग एका फेरीचा. बदल चढत्या क्रमाने लावून घेतल्यावर मूळ मजकुरावरून एकदाच चालत जावयाचे : पुढील बदलाच्या आरंभापर्यंतचा मूळ भाग नव्या मजकुरात उतरवावयाचा, मग बदलाचा नवा मजकूर लिहावयाचा, मग मूळ मजकुरात त्या बदलाच्या अखेरीपर्यंत उडी घ्यावयाची. आपल्या उदाहरणात ‘व्याजदर’, मग मूळचा २ ते ५ हा भाग, पुन्हा ‘व्याजदर’, आणि शेवटी ७ ते १२ हा भाग, अशा चार तुकड्यांत काम आटोपते. येथे प्रत्येक मूळ चिन्ह फार तर एकदाच उतरविले जाते. १,००० बदलांचा क्रम लावण्यास सुमारे १०,००० तुलना लागतात आणि नक्कल १० लाख चिन्हांची व नव्या मजकुराची. म्हणजे १०० कोटींच्या जागी १० लाखांच्या आसपास काम. आजच्या यंत्रांना सलग स्मृतीची नक्कल करणे फार सुलभ जाते, हे ध्यानात घेतल्यास पुष्कळशा व्यवहारांत ह्यापेक्षा अधिक काही करण्याची गरजच पडत नाही.

क्रम लावण्याचा आणखी एक लाभ असा की, व्याप्तींची परस्पर टक्कर तपासणे सोपे होते. क्रम लावल्यानंतर प्रत्येक बदलाची अखेर पुढच्या बदलाच्या आरंभाहून मोठी नाही एवढेच पाहावयाचे. समान असल्यास हरकत नाही. ते दोन बदल शेजारी आहेत, एकमेकांवर चढलेले नाहीत. मोठी आढळल्यास मात्र सबंध यादी नाकारावी. अर्धी यादी लागू करून मग थांबणे हे सर्वांत वाईट, कारण त्यामुळे मजकूर जुन्याही अवस्थेत राहत नाही आणि नव्याही अवस्थेत पोहोचत नाही. म्हणून तपासणी आधी आणि लेखन नंतर, हा दंडक येथे अवश्य पाळावा. त्याच कारणास्तव यादीबरोबर मजकुराचा आवृत्ति-क्रमांकही यावा लागतो. यादी तयार होत असताना लेखकाने आणखी एक अक्षर टंकिले असेल, तर ते स्थानांक आता भलत्याच मजकुराचे झालेले असतात.

एकाच स्थानांकावर दोन भरी आल्या तर काय, हा प्रश्न सूक्ष्म आहे. वर उल्लेखिलेल्या संहितेनुसार यादीतील त्यांचा क्रम हाच फलित मजकुरातील त्यांचा क्रम होय. म्हणून क्रमरचनेचा विधी स्थिर असावा लागतो; म्हणजे समान स्थानांकांचे बदल त्याने मूळ क्रमानेच ठेवले पाहिजेत. जावास्क्रिप्ट भाषेच्या प्रमाणग्रंथाने ही स्थिरता २०१९ सालापासून बंधनकारक केली. तत्पूर्वी व्ही-८ ह्या प्रचलित यंत्रणेत दहापर्यंत घटकांच्या यादीचा क्रम स्थिर रीतीने लागे, परंतु त्याहून मोठ्या यादीचा अस्थिर रीतीने. परिणामी छोट्या चाचण्यांत बिनचूक ठरलेली आज्ञावली अकराव्या बदलापासून दगा देऊ शके. तसेच शेवटाकडून आरंभाकडे जाण्याचा मार्ग पत्करल्यास समान स्थानांकांच्या भरी यादीच्या उलट क्रमाने लागू कराव्या लागतात. ० ह्या स्थानी ‘क’ आणि नंतर ‘ख’ अशी यादी असेल, तर अगोदर ‘ख’ व मग ‘क’ घातल्यासच ‘कख’ हे अपेक्षित रूप मिळते.

३. स्थानांक कशाचा?

आतापर्यंत ‘चिन्ह’ हा शब्द आपण निःशंकपणे वापरला. परंतु मोजण्याचे एकक कोणते, हा प्रश्न मराठी मजकुराच्या संदर्भात टाळता येत नाही. ‘व्याजदर’ हा शब्द वाचकाच्या दृष्टीने व्या, ज, द, र असा चार अक्षरांचा आहे. युनिकोडच्या गणनेने त्यात सात संकेतबिंदू आहेत. यूटीएफ-१६ ह्या पद्धतीत त्याची सात एकके होतात; यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेतबिंदूस तीन बाइट लागत असल्याने २१ बाइट होतात. साध्या रोमन लिपीत ह्या सर्व गणना एकच उत्तर देतात, आणि म्हणूनच केवळ रोमन मजकुरावर केलेल्या चाचण्यांतून हा दोष कधीच बाहेर पडत नाही.

पूर्वोक्त संहितेने आरंभी ओळ-क्रमांक आणि त्या ओळीतील यूटीएफ-१६ एककांची संख्या हेच स्थानदर्शन ठरविले. २०२२ च्या ३.१७ ह्या आवृत्तीपासून दोन्ही पक्षांनी संमतीने यूटीएफ-८ किंवा यूटीएफ-३२ निवडण्याची मुभा मिळाली. ज्या सेवा आपला मजकूर यूटीएफ-८ मध्ये ठेवतात, त्यांना प्रत्येक स्थानांकाचे रूपांतर करावे लागते. हे रूपांतर विसरले गेले, तर मराठी टीप लिहिलेल्या ओळीतील बदल भलत्याच जागी पडतो, किंवा एका संकेतबिंदूच्या तीन बाइटांच्या मधोमध पडून मजकूरच भ्रष्ट होतो. आपल्या विद्यार्थ्यांनी अशा आज्ञावलींची परीक्षा घेताना एक तरी ओळ देवनागरीत ठेवावी. एका क्षणात होणारी ही चाचणी पुष्कळ काही सांगून जाते.

ओळ-क्रमांकावरून स्थानांक काढण्यासाठी प्रत्येक ओळीच्या आरंभाची सारणी ठेवणे सोयीचे असते. मात्र एखादी नवी ओळ मध्येच आली की पुढील सर्व नोंदी बदलाव्या लागतात. म्हणजे मजकुराच्या बाबतीत जी अडचण होती तीच सारणीच्या बाबतीत पुन्हा समोर येते. येथून आपण रचनेच्या प्रश्नाकडे वळतो.

४. मजकुराची मांडणी

एका फेरीचा मार्ग एकगठ्ठा बदलांना उत्तम आहे. पण लेखक एकेक अक्षर टंकीत असतो तेव्हा प्रत्येक अक्षरासाठी १० लाख चिन्हांची फेरी मारणे परवडत नाही. ह्यासाठी योजलेल्या मांडण्यांपैकी तीन विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिली ‘गॅप बफर’. मजकुराच्या रांगेत कर्सरच्या ठिकाणी मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असते. टंकिलेले अक्षर त्या जागेत पडते व बाकीचा मजकूर जागीच राहतो. कर्सर हालला की मोकळी जागा तेवढी सरकवावयाची. १९८५ पासून लोकांच्या हाती असलेल्या जीएनयू ईमॅक्समध्ये हीच रचना आहे. अनेक बदल करावयाचे असता येथेही क्रमाचे महत्त्व दिसून येते. बदल एकाच दिशेने घेतले तर मोकळ्या जागेचा एकूण प्रवास मजकुराच्या लांबीएवढाच होतो. बदल विस्कळीत क्रमाने घेतले तर ती प्रत्येक वेळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेऱ्या मारीत राहते.

दुसरी ‘पीस टेबल’, म्हणजे तुकड्यांची सारणी. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्राव्हो’ हा एडिटर तयार केला, त्यात ती वापरली गेली. सिमोनी पुढे १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तेथील ‘वर्ड’ मध्येही ही कल्पना आली. येथे मूळ फाइल कधीच बदलली जात नाही. नवीन लिहिलेले सर्व काही दुसऱ्या एका साठ्याच्या शेवटी जोडले जाते; आणि ‘मूळ साठ्यातील इतका भाग, मग नव्या साठ्यातील तितका भाग’ अशा नोंदींची सारणी म्हणजेच प्रस्तुत मजकूर. एका बदलाने एक तुकडा मोडून फार तर तीन होतात. म्हणून एका तुकड्यापासून आरंभ करून १,००० बदल केले तरी तुकडे २,००१ च्या वर जात नाहीत, मग फाइल कितीही मोठी असो. हे तुकडे समतोल वृक्षात ठेवल्यास इष्ट तुकडा सुमारे ११ पायऱ्यांत सापडतो.

तिसरी ‘रोप’. हान्स बोम, रसेल ॲटकिन्सन आणि मायकेल प्लास यांनी १९९५ च्या आपल्या निबंधात तिचे विवेचन केले. तीत मजकुराचे लहान तुकडे वृक्षाच्या पानांवर असतात आणि प्रत्येक फांदीवर डावीकडील मजकुराची लांबी नोंदलेली असते. जुना वृक्ष न मोडता नवा तयार करता येत असल्याने पूर्वीची अवस्था अल्प खर्चात हाताशी राहते.

ह्या संदर्भात व्हिज्युअल स्टुडिओ कोड ह्या एडिटरचा अनुभव बोधप्रद आहे. प्रारंभी त्यात मजकूर ओळींच्या रांगेच्या रूपाने ठेवला जाई आणि प्रत्येक ओळीसाठी एक स्वतंत्र वस्तू निर्माण केली जाई. एका वापरकर्त्याला ३५ मेगाबाइटची एक फाइल उघडता येईना. तीत १ कोटी ३७ लाख ओळी होत्या. एकेका ओळीच्या वस्तूस ४० ते ६० बाइट लागत. परिणामी केवळ ओळींच्या रांगेनेच सुमारे ६०० मेगाबाइट स्मृती व्यापली. २०१८ साली तेथील अभियंत्यांनी ही रचना बदलून तुकड्यांची सारणी रेड-ब्लॅक वृक्षात बसविली. प्रत्येक गाठीवर डाव्या उपवृक्षातील चिन्हसंख्या व ओळींची संख्या ठेवल्यामुळे स्थानांक आणि ओळ-क्रमांक ह्या दोहोंचा शोध एकाच वृक्षात लागू लागला, आणि वर उल्लेखिलेली ओळींच्या सारणीची अडचणही निमाली. सी++ भाषेत हा भाग लिहिण्याचा पर्यायही त्यांनी पाहिला होता. परंतु दोन भाषांच्या सीमेवरून मजकूर सतत नेण्या-आणण्याचा खर्च लाभाहून अधिक ठरल्याने तो सोडून देण्यात आला. ह्या बदलाची किंमतही त्यांनी लपविली नाही : विशिष्ट ओळ वाचून काढणे, जे रांगेत तत्काळ होत असे, ते वृक्षात थोडे महाग झाले. कोणतीही रचना सर्व क्रियांना सारखीच अनुकूल नसते, हे तत्त्व येथे स्वच्छपणे प्रत्ययास येते.

५. बदल परत घेणे

बदलांचा विचार त्यांच्या प्रतिलोम क्रियेवाचून अपुरा राहतो. एक हजार ठिकाणी नाव बदलल्यावर लेखकाने ते रद्द करण्याची आज्ञा दिली, तर ते एका पावलात रद्द झाले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक बदलाने पुसलेला मजकूर जपून ठेवावा लागतो आणि त्याची नवी व्याप्ती काढावी लागते. आपल्या उदाहरणातील फलित मजकूर ‘व्याजदर + व्याजदर + कर’ हा २२ चिन्हांचा आहे, आणि प्रतिलोम यादी अशी : ‘० ते ७ येथे दर, १० ते १७ येथे दर’. ही यादीही युगपत अर्थाचीच आहे. तिचे सर्व स्थानांक नव्या मजकुराचे आहेत. एका फेरीत चालताना विस्थापनाची बेरीज ठेवली की ती आपोआप हाती येते.

फाइलची मांडणी सुधारणारी काही साधने सबंध फाइलच नव्याने लिहून परत देतात. तो एकच विशाल बदल समजून लागू केला तर शुद्धतेला बाध येत नाही, पण कर्सर, खुणा आणि निवडलेले भाग यांची स्थाने हरवतात. अशा वेळी जुन्या व नव्या मजकुराची तुलना करून फक्त खरोखर वेगळे असलेले भाग काढणे श्रेयस्कर. यूजीन मायर्स यांनी १९८६ मध्ये मांडलेला तुलनाविधी ह्या कामी आजही वापरला जातो. दोन मजकुरांतील फरक जितका थोडा तितका तो विधी जलद चालतो.

समारोप

सारांश, ह्या विषयातील कार्यक्षमता ही केवळ वेगवान रचना निवडण्याने प्राप्त होत नाही. यादीचा अर्थ युगपत की अनुक्रमिक हे ठरले, मोजणीचे एकक ठरले, व्याप्तींची टक्कर व आवृत्ति-क्रमांक आधी तपासला, म्हणजे क्रम लावून एका फेरीत काम उरकणे सुरक्षित होते. आणि त्यानंतरच वृक्ष वापरावयाचा की सलग रांग, हा प्रश्न फाइलच्या आकारावरून व बदलांच्या वारंवारतेवरून सोडविता येतो. एडिटरवर लेखक जो विश्वास टाकतो तो फार मोठा असतो. हजार ओळींत झालेले बदल तो एकेक करून पाहत नाही, पाहू शकत नाही. वेग कमी पडला तर त्याला क्षणभर थांबावे लागते आणि ते त्याला कळते. बदल चुकीच्या जागी पडला तर मात्र त्याला काहीच कळत नाही. म्हणून अशा विधीची परीक्षा घेताना एकाच स्थानावरील दोन भरी, एकमेकींस भिडलेल्या व्याप्ती, दहाहून अधिक बदलांची यादी आणि देवनागरीची एक ओळ, एवढ्या चार गोष्टी तरी अवश्य तपासाव्यात. वेगाची मोजणी त्यानंतर करावी.